चढत्या नंबराचा हिशेब

रायपूरच्या शंकर नगरात सायंकाळी पाच ते आठ या वेळेत फेरफटका मारणाऱ्यास एक दृश्य हमखास दिसते. शाळेतून परतलेली मुले दूध-पोहे घाईघाईने संपवून, दप्तर बदलून पुन्हा घराबाहेर पडतात. त्यांची पावले मैदानाकडे वळत नाहीत, शिकवणी वर्गाकडे वळतात. एका ट्यूबलाइटखालून दुसऱ्या ट्यूबलाइटखाली असा त्यांचा प्रवास रोज चालतो. रात्री घरी आल्यावर गृहपाठ, आणि गृहपाठ संपल्यावर विरंगुळा म्हणून हातात मोबाइल. दिवसभरात सूर्य उगवला, माथ्यावर आला आणि मावळलाही. परंतु या मुलांची आणि त्याची भेट काही झाली नाही.

शंकर नगर हे केवळ एक उदाहरण. नागपूरचे धरमपेठ असो की पुण्याचे कोथरूड, नोकरदार वस्तीतील मुलांची दिनचर्या थोड्याफार फरकाने हीच आहे. छत्तीसगडात मराठी कुटुंबे नागपूरकर भोसल्यांच्या राजवटीपासून स्थायिक आहेत. चौबे कॉलनीतील महाराष्ट्र मंडळाची स्थापना १९३५ सालची. त्यांत बँका, रेल्वे व शासकीय कार्यालयांतून बदलीनिमित्त येणाऱ्यांची भर पडत असते. जमीनजुमला नसलेल्या अशा कुटुंबांची खरी इस्टेट एकच, ती म्हणजे मुलांचे शिक्षण. त्यासाठी आई-वडील कोणत्याही खर्चास मागेपुढे पाहत नाहीत. मात्र या शिक्षणाची एक किंमत मुले आपल्या डोळ्यांनी चुकवीत आहेत आणि तिची नोंद घरच्या कोणत्याही जमाखर्चात होत नाही.

"नंबर वाढला"

प्रारंभ बहुधा एकाच प्रकारे होतो. दुसरी-तिसरीतील मूल दूरदर्शन संचाच्या अगदी जवळ जाऊन बसू लागते, फळ्यावरचे शेजाऱ्याच्या वहीतून उतरवून घेते, डोळे बारीक करून पाहते. कधी तरी ते म्हणते, "आई, फळ्यावरचं नीट दिसत नाही गं." चष्मा लागतो. आजोबा समजूत घालतात, "अरे, आपल्या घरात सगळ्यांनाच चष्मा आहे, त्यात काय एवढं!" पुढील वर्षी काच बदलते, त्यापुढील वर्षी पुन्हा बदलते. "नंबर वाढला" हे वाक्य घरात पेट्रोलच्या दरवाढीसारखे उच्चारले जाते. वाढायचेच ते, आपल्या हाती काय आहे?

या लेखाचा आक्षेप नेमका या स्वीकारावर आहे. चढता नंबर हा विधिलिखित लेख नाही. त्याचा प्रारंभ लांबविता येतो आणि त्याच्या वाढीचा वेगही मंदावता येतो, हे गेल्या पंधरा-वीस वर्षांच्या संशोधनाने दाखवून दिले आहे. पालक, शाळा आणि समाज यांनी ते मनावर घेणे तेवढे बाकी आहे.

प्रश्न काचेचा नाही

निकटदृष्टिता म्हणजे जवळचे स्पष्ट आणि दूरचे अंधूक दिसणे. सामान्य डोळ्यात प्रकाशकिरण भिंगातून जाऊन थेट दृष्टिपटलावर एकत्र येतात. निकटदृष्टी डोळा मागच्या बाजूस प्रमाणाबाहेर लांबलेला असतो, त्यामुळे प्रतिमा दृष्टिपटलाच्या अलीकडेच तयार होते. प्रौढ माणसाच्या नेत्रगोलाची लांबी साधारण २३ ते २४ मिलिमीटर असते. त्यात अवघ्या एका मिलिमीटरची जादा वाढ झाली, तर चष्म्याचा नंबर सुमारे अडीच ते तीनने वाढतो. उणे नंबराचा चष्मा प्रतिमेला पुन्हा जागेवर आणतो. पण लांबलेला डोळा लांबलेलाच राहतो.

खरा धोका येथे आहे. डोळा लांबत जातो तसे त्याच्या आतील पडदे ताणले जातात, पातळ होतात. उणे सहा वा त्याहून अधिक नंबर ही तीव्र निकटदृष्टिता मानली जाते. अशा व्यक्तीस पुढील आयुष्यात दृष्टिपटल सुटणे, काचबिंदू, लवकर येणारा मोतीबिंदू आणि दृष्टिपटलाच्या मध्यबिंदूची झीज या विकारांचा संभव इतरांपेक्षा पुष्कळ अधिक असतो. मध्यबिंदूची झीज झाली, तर गेलेली दृष्टी चष्म्याने परत येत नाही. तरुणपणी लेझर शस्त्रक्रिया करून चष्मा घालविता येतो खरा; परंतु ती शस्त्रक्रिया डोळ्याच्या दर्शनी भागाचा आकार बदलते, मागे लांबलेला डोळा आखूड करीत नाही. चष्मा जातो, जोखीम राहते.

बँकेच्या भाषेत सांगायचे, तर चष्मा हा या कर्जाचा केवळ हप्ता आहे. मुद्दल डोळ्याच्या लांबीत साठत असते. समजा, आठव्या वर्षी एखाद्या मुलीस उणे एकचा चष्मा लागला आणि नंबर दरवर्षी पाऊणने वाढत गेला. पंधराव्या वर्षी तो उणे सव्वासहावर पोहोचेल. हीच वाढ दरवर्षी अर्ध्यावर थोपविता आली, तर तो उणे साडेचारवर थांबेल. वय वाढते तसा वाढीचा वेग मंदावत असल्याने हा हिशेब ढोबळ आहे. परंतु त्यातील मर्म खरे आहे. चष्मा जितका लहान वयात लागतो, तितका अंतिम नंबर मोठा होण्याचा संभव अधिक. बुलीमोर व ब्रेनन या संशोधकांनी २०१९ साली काढलेल्या अनुमानानुसार, नंबर केवळ एकने कमी राखला तरी मध्यबिंदूच्या झीजेची शक्यता सुमारे ४० टक्क्यांनी घटते. म्हणूनच पाव-अर्ध्या नंबराची बचत क्षुल्लक मानता येत नाही.

घराण्याचा वारसा की दिनचर्येचा?

आजोबांचे म्हणणे सर्वस्वी चुकीचे नाही. आई-वडिलांना चष्मा असल्यास मुलांना तो लागण्याचा संभव वाढतो. तथापि रक्तातील गुण दोन पिढ्यांत बदलत नाहीत आणि निकटदृष्टिता तर दोन पिढ्यांत झपाट्याने वाढली आहे. ब्रायन होल्डन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या अंदाजानुसार, २००० साली जगातील सुमारे २३ टक्के लोकांना हा दोष होता. २०५० साली तो निम्म्या जगाला असेल.

सहा-सात वर्षांच्या चिनी वंशाच्या मुलांची सिंगापूर व सिडनी या दोन शहरांत तुलना करण्यात आली. २००८ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सिंगापूरमध्ये २९ टक्के मुलांना, तर सिडनीत केवळ ३.३ टक्के मुलांना निकटदृष्टिता आढळली. वंश एकच, मग अंतर कशामुळे? सिडनीतील मुले आठवड्यातून सुमारे पावणेचौदा तास घराबाहेर घालवीत होती, सिंगापूरची मुले जेमतेम तीन तास.

आपल्याकडील चित्रही याच दिशेने बोट दाखविते. पुण्यातील शहरी भागातील ५,०२१ आणि ग्रामीण भागातील ७,४०१ शाळकरी मुलांच्या नेत्रतपासणीचा अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. शहरी मुलांत निकटदृष्टितेचे प्रमाण ३.१६ टक्के, तर ग्रामीण मुलांत १.४५ टक्के आढळले. दिल्लीतील ९,८८४ शाळकरी मुलांच्या, २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत हे प्रमाण १३.१ टक्के होते. दोन्ही अभ्यासांच्या पद्धती वेगळ्या असल्याने आकडे थेट शेजारी ठेवता येणार नाहीत. पण दिल्लीच्या पाहणीत दिवसाला दोन तासांहून अधिक वेळ मैदानावर खेळणाऱ्या मुलांत हा दोष कमी आढळला, ही नोंद महत्त्वाची आहे.

त्यानंतर कोरोनाची साथ आली आणि न योजलेला एक प्रचंड प्रयोग घडून गेला. चीनमधील फेईचेंग शहरात सहा वर्षांच्या मुलांमधील निकटदृष्टितेचे प्रमाण २०१५ ते २०१९ या काळात ५.७ टक्क्यांच्या वर गेले नव्हते. टाळेबंदीनंतर, २०२० साली ते २१.५ टक्क्यांवर गेले. भारतातही त्या काळात मुले महिनोन्महिने चार भिंतींत, मोबाइलच्या पडद्यापुढे बसून शिकली. शाळा पुन्हा सुरू झाल्या, परंतु हातात आलेला मोबाइल परत गेला नाही.

उन्हाचे भांडवल

मोकळ्या हवेत असे काय आहे? भरदिवसा घराबाहेरील उजेड दहा हजार लक्सच्या पुढे सहज जातो. घरातील वा वर्गातील उजेड बहुधा शंभर ते पाचशे लक्स एवढाच असतो. भरपूर उजेडामुळे दृष्टिपटलात डोपामाइन हे द्रव्य स्रवते आणि ते नेत्रगोलाच्या अवाजवी वाढीस आवर घालते, असे संशोधक मानतात. शिवाय मैदानावर नजर दूरवर फिरत असते. वहीसारखी वीतभर अंतरावर खिळून राहत नाही.

या समजुतीची कसोटी शाळांमध्येच लागली. चीनमधील ग्वांगझू येथे बारा शाळांपैकी निम्म्या शाळांत पहिलीच्या मुलांना रोज ४० मिनिटांचा एक जादा तास वर्गाबाहेर देण्यात आला. तीन वर्षांनंतर त्या शाळांत ३०.४ टक्के, तर उरलेल्या शाळांत ३९.५ टक्के मुलांना नव्याने निकटदृष्टिता जडल्याचे आढळले. तैवानने २०१० पासून शाळकरी मुलांना दररोज दोन तास घराबाहेर ठेवण्याचा देशव्यापी कार्यक्रम हाती घेतला. त्यानंतर अंधूक दृष्टी असलेल्या विद्यार्थ्यांचे वर्षानुवर्षे वाढत आलेले प्रमाण प्रथमच उतरणीस लागले.

यावर रायपूरच्या पालकांचा प्रश्न रास्त असतो. मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे धावत असताना लेकरांना उन्हात कसे धाडावे? धाडूच नये. तैवानमधील अभ्यासाने असेही दाखविले आहे की, रणरणते ऊन आवश्यक नाही. झाडाची सावली वा उघडी पडवी येथील उजेडही उपयोगी पडतो, मात्र तेथे वेळ अधिक घालवावा लागतो. उन्हाळ्यात सकाळी सात ते नऊ आणि सायंकाळी सूर्यास्तापूर्वीचा तासभर, हिवाळ्यात जवळजवळ सारा दिवस, आणि पावसाळ्यात उघडीप मिळेल तेव्हा, असा वेळ काढता येतो. शंकर नगराहून गांधी उद्यान किंवा तेलीबांधा तलावाचा काठ फार दूर नाही. या भांडवलावर कोणी व्याज आकारीत नाही, तारणही मागत नाही. उणीव आहे ती वेळापत्रकात जागा करण्याची.

चष्मा लागल्यानंतर

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. मोकळ्या उजेडाचा लाभ निकटदृष्टिता जडण्यापूर्वी सर्वांत ठळक असतो. एकदा ती जडल्यावर केवळ मैदानावर विसंबून राहता येत नाही. तेथे नेत्रतज्ज्ञांचे साहाय्य घ्यावे लागते.

पहिली पायरी योग्य तपासणीची. लहान मुलांची नजर जवळच्या वस्तूवर रोखण्याची शक्ती जबर असते; त्यामुळे यंत्रावर घाईने काढलेला नंबर खऱ्याहून अधिक येऊ शकतो. म्हणून डोळ्यात थेंब घालून, बाहुली विस्फारल्यानंतर केलेली तपासणीच विश्वसनीय मानतात. तीस दोन-तीन तास लागतात, त्या दिवशीची शिकवणी बुडते. ती बुडू द्यावी. शक्य असेल तेथे नेत्रगोलाची लांबीही मोजून घ्यावी आणि दर सहा महिन्यांनी तिची नोंद ठेवावी. पासबुकातील नोंदी तपासून पाहणाऱ्या पालकास हे शिकवावे लागू नये.

दुसरी पायरी उपचारांची. नंबर मंदावण्यासाठी विशेष रचनेची चष्म्याची भिंगे उपलब्ध झाली आहेत. त्यांच्या मध्यभागातून स्वच्छ दिसते आणि सभोवतालच्या सूक्ष्म भिंगांमुळे डोळ्याला लांबण्याचा संकेत क्षीण होतो. हाँगकाँगमध्ये झालेल्या, २०२० साली प्रसिद्ध झालेल्या दोन वर्षांच्या चाचणीत अशा भिंगांनी नंबराची वाढ निम्म्याने मंदावली. ही भिंगे साध्या काचेपेक्षा बरीच महाग असतात, हे मान्य केले पाहिजे.

दुसरा उपाय अल्प मात्रेच्या अॅट्रोपिन थेंबांचा. त्यावर सिंगापूर व हाँगकाँग येथे मोठे संशोधन झाले. भारतात दिल्लीच्या एम्सच्या पुढाकाराने अनेक केंद्रांवर चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०२१ साली प्रसिद्ध झाले. ०.०१ टक्का अॅट्रोपिन वापरणाऱ्या मुलांचा नंबर वर्षभरात सरासरी ०.१६ ने, तर औषधविरहित थेंब घेणाऱ्यांचा ०.३५ ने वाढला. याउलट २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन चाचणीत याच मात्रेचा लाभ दिसून आला नाही, तर हाँगकाँगच्या अभ्यासात ०.०५ टक्क्याची मात्रा अधिक गुणकारी ठरली. कोणत्या मुलास कोणती मात्रा, किती वर्षे द्यावी, हा निर्णय सर्वस्वी नेत्रतज्ज्ञांचा आहे. शेजाऱ्याच्या मुलाला लागू पडले म्हणून दुकानातून आणून घालण्याचे हे औषध नव्हे.

या कोणत्याही उपायाने लागलेला नंबर उतरत नाही. केवळ त्याची चढण सौम्य होते. "महिन्यात चष्मा घालवा" अशा जाहिरातींपासून म्हणूनच सावध राहावे. गाजर व बदाम प्रकृतीस उत्तम. परंतु लांबलेला डोळा ते आखूड करू शकत नाहीत.

पेटीत पडलेला चष्मा

आणखी एक समज फार खोलवर रुजला आहे. चष्मा लावला की डोळ्याला त्याची सवय लागते आणि नंबर वाढतो, म्हणून तो कमी वापरावा किंवा कमी नंबराचा करवून घ्यावा. मलेशियात मुद्दाम कमी नंबराचे चष्मे दिलेल्या मुलांचा अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. त्या मुलांचा नंबर पूर्ण नंबराचा चष्मा वापरणाऱ्यांपेक्षा अधिक वेगाने वाढला होता.

या समजाच्या जोडीला संकोचही असतो. पुणे जिल्ह्यातील ग्रामीण माध्यमिक शाळांतील ज्या विद्यार्थ्यांना चष्मे देण्यात आले होते, त्यांपैकी १,०१८ जणांची काही महिन्यांनी पुन्हा पाहणी झाली. चष्मा लावलेले आढळले अवघे ३०० जण, म्हणजे २९.५ टक्के. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात उपरोल्लेखित ब्रायन होल्डन यांचाही सहभाग होता. चष्मा हरवला, फुटला, घरी राहिला, मुले चिडवतात, अशी कारणे पुढे आली. मुलीच्या बाबतीत तर "पुढे लग्नात अडचण येईल" ही काळजी घरातूनच व्यक्त होते. फळा न दिसणारी मुलगी हळूहळू "अभ्यासात कच्ची" ठरते आणि तिच्या वाट्याचे शिक्षण निमूटपणे आखडते. ज्या शिक्षणासाठी हा सारा खटाटोप, ते अशा रीतीने एका पेटीत बंद होऊन पडते.

जबाबदारी कोणाची?

पालकांवर सारा दोष टाकून मोकळे होणे सोपे आहे, पण न्याय्य नाही. आई-वडील दोघेही कामावर असतील, रस्त्यावर वाहनांची वर्दळ असेल आणि सोसायटीच्या आवारात "येथे खेळू नये" अशी पाटी असेल, तर मुलाने खेळावे कोठे? २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या अनुसूचीत प्रत्येक शाळेसाठी क्रीडांगण सांगितलेले आहे. असे असूनही इमारतीच्या एखाद्या मजल्यावर भरणाऱ्या शाळा पालकांना परक्या वाटत नाहीत. प्रवेश घेताना शाळेचा निकाल जसा विचारला जातो, तसे मैदानही विचारले गेले पाहिजे. मधली सुट्टी वर्गात बसून डबा खाण्यात संपू नये आणि खेळाचा तास गणिताला उसना दिला जाऊ नये, एवढा आग्रह पालकसभेत धरता येतो.

शासनाची व्यवस्थाही आहे. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात शाळकरी मुलांच्या दृष्टीची तपासणी समाविष्ट आहे. अंधत्व निवारणाच्या राष्ट्रीय कार्यक्रमात गरजू विद्यार्थ्यांना मोफत चष्मे देण्याची तरतूद आहे. रायपुरात टाटीबंध येथील एम्स आणि डॉ. भीमराव आंबेडकर स्मृती रुग्णालय या शासकीय संस्था आहेत. कमतरता आहे ती मूल आणि ही व्यवस्था यांना जोडणाऱ्या दुव्याची.

हा दुवा होणे बँकेच्या शाखांनाही अशक्य नाही. विद्यार्थ्यांची बचत खाती उघडण्यासाठी किंवा आर्थिक साक्षरतेच्या निमित्ताने शाखेचे कर्मचारी शाळांमध्ये जात असतात. त्याच दिवशी स्थानिक नेत्रतज्ज्ञांच्या सहकार्याने भिंतीवर एक दृष्टितक्ता लावला आणि सहा मीटरवरून प्रत्येक मुलास एकेक डोळा झाकून वाचावयास सांगितले, तर ज्यांना पुढील तपासणीची गरज आहे अशी मुले एका दुपारी वेगळी काढता येतील. त्यास लागणारा खर्च नगण्य आहे. घरापुरते बोलायचे, तर तिमाही अखेरीस रात्री उशिरा घरी परतणाऱ्या कर्मचाऱ्यासही रविवारची सकाळ मुलांसमवेत मैदानावर काढता येईल. शाळेत जाण्यापूर्वी प्रत्येक मुलाची एकदा, आणि चष्मा लागल्यावर दर सहा महिन्यांनी तपासणी; रोज सुमारे दोन तास मोकळा उजेड; वाचताना डोळ्यापासून पुस्तक किमान फूटभर दूर; दर वीस मिनिटांनी दूरवर एक नजर; आणि दिलेला चष्मा पूर्ण वेळ डोळ्यावर. यात अशक्य असे काही नाही.

मुलाच्या नावाने जन्मतःच ठेव ठेवणाऱ्या समाजाला लवकर केलेल्या गुंतवणुकीचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. दृष्टीची ठेवही तशीच आहे. आठव्या वर्षी ती राखली, तर साठाव्या वर्षी हाती येते. आठव्या वर्षी दुर्लक्षिली, तर पुढे कोणत्याही दराने परत मिळत नाही. शंकर नगरातील एखादी शिकवणी आठवड्यातून दोन दिवस बुडाली आणि ती मुले दिवस मावळेपर्यंत मैदानावर राहिली, तर त्यांच्या गुणपत्रिकेत फारसा फरक पडणार नाही. त्यांच्या डोळ्यांच्या खात्यावर मात्र तेवढी रक्कम जमा झालेली असेल.